प्रयोगशाळेची वही मागून बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

व्यायाम आणि आरोग्यशास्त्रात एम.एस्सी. करायचं ठरवलंस आणि घरच्यांनाही पटवलंस, हे ऐकून बरं वाटलं. 'म्हणजे पीटी टीचर होणार का?' असं गल्लीत विचारतील, विचारू देत.

तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकं वाचली. तिन्हींत 'अत्याधुनिक प्रयोगशाळा' आणि ट्रेडमिलचा फोटो. एका फोटोत तर यंत्रावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, बघितलंस का? तेव्हा प्रत्यक्ष जा आणि प्रयोगशाळेची नोंदवही मागून बघ. गेल्या महिन्यात कोणी, कशासाठी, किती वेळ यंत्र वापरलं ते तिच्यात असतं. पीजीच्या मुलांच्या सह्या दिसल्या तर पुढे बोल. साहेबांच्या भेटीच्याच तारखा असतील तर चहा घेऊन परत ये.

मग विचार, श्वासातले वायू मोजणारं यंत्र शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं? ते चाचणीच्या दिवशीच तपासून घ्यावं लागतं: वायूंचं प्रमाण पडताळायला सुमारे १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला सिलिंडर, शिवाय हवेचं आकारमान पडताळायला ३ लिटरची सिरिंज. सिलिंडर रिकामा असला की लाखोंचं यंत्र नुसतं शोभेचं. त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा ७६० मिलिमीटर (पाऱ्याचा) नसतो, ७०० च्या आसपास असतो. काही यंत्रांत तो हातानं भरावा लागतो. ७६० तसाच राहिला तर शरीरानं वापरलेल्या ऑक्सिजनचा आकडा आठ-दहा टक्क्यांनी फुगतो आणि जेमतेम धावणारा पोरगा कागदावर खेळाडू होऊन बसतो. लॅब असिस्टंटला सहज विचार, दाब किती धरता? गोंधळला तर काय ते समज.

हृदय आणि दम तपासणाऱ्या ट्रेडमिलच्या ब्रूस चाचणीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, आणि सुरुवातच १० टक्के चढानं होते. पन्नाशीच्या माणसाला त्यावर चढवायचं तर ईसीजी, डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवाच. म्हणून दवाखान्याशी विभागाचा करार नुसता फायलीत आहे, की मुलं खरंच तिथल्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत बसतात, हेही काढून घे.

हे सगळं असलेली जागा नाही मिळाली तर रडत बसू नकोस. ४१.३ सेंटीमीटर उंचीचा बाक, मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं यंत्र) आणि घड्याळ एवढ्यावर दम मोजणारी क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट होते. ३ मिनिटं, मुलींसाठी मिनिटाला २२ चढ-उतार, मग नाडी मोजायची. ६ मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ व्हरांडा पुरतो. आणि माणसं? येळ्ळूर, कंग्राळीच्या तालमी आहेत, निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांचे गुडघे आणि दम यांवर काम करायला कुठलीही पाटी लागत नाही. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र आधी. संमतीपत्र मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषांत तयार ठेव. वाचता न येणाऱ्या मावशीला साक्षीदारासमोर मोठ्यानं वाचून दाखव. नुसता अंगठा घेऊन मोकळं होणारे मी पाहिलेत, मला ते आवडत नाही.

कोल्हापूर की धारवाड, हा वाद तुमच्या घरात चालू असेलच. शिकवणं दोन्हीकडे इंग्रजीतच, त्यामुळे भाषेचा बाऊ नको. वसतिगृहाचं मात्र बघ. उपाशीपोटी करायच्या चाचण्या पहाटे सुरू होतात, आणि मुलींच्या वसतिगृहाचं गेट सातला उघडणार असेल तर पंचाईत. महाराष्ट्रात अर्ज करणार असशील तर सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीची सवलत त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का ते विचार. रहिवासी दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आत्ताच काढून ठेव, तहसीलदार कचेरीत ऐनवेळी गर्दी असते.

शनिवारी जाऊ नकोस, अर्ध्या दिवसात कोणी भेटत नाही. बघून आलीस की फोन कर. फीचं मागाहून बोलू, आधी वहीत काय होतं ते सांग.

तुझे,
सर