आधी आर्किटेक्चर, मग कोपनहेगन

इचलकरंजीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, चित्रकलेचा हात चांगला. वर्षभर ती कोपनहेगनच्या इमारतींचे आणि तिथल्या घरांचे व्हिडिओ बघते आहे, वह्या स्केचेसनी भरल्या आहेत. बारावीनंतर थेट तिकडे जाऊन इंटिरिअर डिझाइन शिकायचं, असं तिने ठरवलं आहे. एका एजंटने ‘सीट पक्की करतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागितली आहे. वडिलांचं म्हणणं, हे वेड सोड आणि सिव्हिल इंजिनिअरिंग कर. आई विचारतात, ‘मुलीचं मन मोडू नये आणि पैसेही बुडू नयेत, असा काही मार्ग आहे का?’

ताई,

आधी पैशांचं बोलते. एजंटला आत्ता एक रुपयाही देऊ नका. कोपनहेगनमध्ये आर्किटेक्चर आणि डिझाइन शिकवणारी मोठी संस्था म्हणजे रॉयल डॅनिश अकॅडमी. तिथला आर्किटेक्चरचा पहिला तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम डॅनिश भाषेत चालतो. इंग्रजीतून शिकायची सोय आहे ती पुढच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला, आणि युरोपबाहेरून येणाऱ्यांना त्याची फी भरावी लागते. मग एजंट कुठल्या सीटबद्दल बोलतो आहे? संस्था कोणती, शिकवण्याची भाषा कोणती, शेवटी हातात पदवी पडणार की नुसतं सर्टिफिकेट, हे त्याच्याकडून लेखी मागा.

आता तिच्या आवडीचं. ही आवड मला वरवरची वाटत नाही, कारण ती नुसती बघत नाही, बघून काढतेही. फक्त तिला जे ‘इंटिरिअर’ म्हणून भावलं आहे ते कुठून येतं, हे तिला समजायला हवं. त्यावरच पुढचा निर्णय अवलंबून आहे.

कोपनहेगनमध्ये घर आणि घरातलं सामान यांची फारकत कधी फारशी झालीच नाही. 1924 मध्ये फर्निचर डिझायनर कोरे क्लिंट यांनी तिथल्या अकॅडमीत फर्निचरचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा ते विद्यार्थ्यांना आधी मोजमापं घ्यायला लावत. पुढे त्यांचे शिष्य बोर्ग मोगेनसेन यांनी घरातले शर्ट, काटे-चमचे अशा रोजच्या वस्तू मोजल्या आणि त्यावरून कपाटाची खोली नि ड्रॉवरची रुंदी ठरवली. आर्किटेक्ट आर्ने याकोब्सन यांनी तर 1960 मध्ये पुऱ्या झालेल्या एसएएस हॉटेलचा टॉवर, लॉबीतल्या ‘एग’ आणि ‘स्वान’ खुर्च्या आणि जेवणाच्या टेबलावरचे काटे-चमचे, सगळंच स्वतः डिझाइन केलं. त्या हॉटेलातली 606 नंबरची खोली आजही त्या काळच्या रूपात जपलेली आहे.

आजच्या इमारतींतही तेच दिसतं. नॉर्डहाउन बंदरातलं धान्याचं जुनं काँक्रीटचं कोठार घ्या. कोबे या आर्किटेक्टांच्या ऑफिसने 2017 मध्ये त्याचे फ्लॅट केले. आतल्या खडबडीत काँक्रीटच्या भिंती त्यांना तशाच दिसायला हव्या होत्या. पण डेन्मार्कच्या थंडीत भिंतीला उष्णतारोधक थर लागतोच, आणि तो आतून लावला असता तर काँक्रीट झाकलं गेलं असतं. म्हणून थर बाहेरून चढवला आणि त्यावर पत्र्याचं नवं आवरण घातलं. दिवाणखान्याची भिंत कशी दिसणार, हे इमारतीच्या बाहेरच्या बाजूला ठरलं! नुसतं इंटिरिअर शिकलेल्या माणसाच्या हातात हा निर्णय सहसा येतच नाही.

तिच्या व्हिडिओंमध्ये आर्किटेक्ट ब्यार्के इंगेल्स यांची ‘8 हाउस’ ही घरांची इमारत नक्की असेल, जिथे सायकलने थेट दहाव्या मजल्यापर्यंत जाता येतं. कचरा जाळून वीज आणि उष्णता तयार करणारा, छतावर स्कीइंगचा उतार असलेला कोपनहिलचा प्रकल्पही असेल. बघू दे, छानच आहेत. पण मला विचाराल तर तिने ‘रेसोर्सेरेकर्ने’ नावाची घरं बारकाईने बघावीत. लेंडेगर या ऑफिसने 2019 मध्ये ओरेस्टाड भागात ती बांधली. दर्शनी भिंतीवर वेगवेगळ्या रंगांच्या विटांचे चौकोन, गोधडी जोडावी तसे जोडलेले दिसतात. हे चौकोन आले जुन्या इमारतींतून, त्यातले काही कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्यातून. चुन्यात बांधलेली भिंत उतरवली की विटा सुट्या होतात. पण साधारण 1960 नंतरच्या भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या. तिथे वीट सोडवायला गेलं की वीटच फुटते. मग त्यांनी वीट सोडवायचा नाद सोडला, भिंतीचेच साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे तुकडे कापले आणि नव्या भिंतीत बसवले. व्हिडिओत हा रंगांचा खेळ वाटतो, पण त्या गोधडीचं मूळ आहे सिमेंटच्या मसाल्यात. हे कळायला लागलं की मुलगी आर्किटेक्ट व्हायला लागली म्हणायची.

तुमच्याकडे वाडे उतरवताना विटा, सागवानी खांब आणि चौकटी विकायला निघतात, तेव्हा तिला तिथे घेऊन जा. गवंड्याला प्रश्न विचारू दे.

डेन्मार्कने 2023 पासून 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना मर्यादा घातली: दर चौरस मीटरमागे वर्षाला 12 किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको, आणि हा हिशोब 50 वर्षांचा करायचा, साहित्य तयार होताना निघणारा कार्बन त्यात धरून. 2025 मध्ये मर्यादा आणखी कडक झाली. म्हणजे तिथल्या ऑफिसांना सुंदर चित्रं काढणाऱ्यांइतकीच साहित्याचा हिशोब येणाऱ्यांची गरज आहे. म्हणून मुलीला सांगा, गणित सोडून चालणार नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे. तिने इथे पाच वर्षांचं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, करावी आणि मास्टर्सला बाहेर जावं. बी.आर्क.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, आणि ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. राज्यातले प्रवेश सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून होतात. शिक्षणात काही महिने आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रत्यक्ष कामाचेही असतात. 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी असल्याशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर करायला अशी नोंदणी लागत नाही. त्यामुळे आर्किटेक्ट झालेल्या मुलीला इंटिरिअरची वाट खुली राहते, उलटं होत नाही. परदेशी पदवी घेऊन इथे नोंदणी करायची, तर त्या पदवीला कौन्सिलची मान्यता आहे का, तेही आधी बघावं लागतं. आपल्या पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जेजेमध्ये शिकून मगच पॅरिसला नामवंत आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे कामाला गेले होते. आर्किटेक्चरमधला मोठा सन्मान असलेलं 2018 चं प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं.

तिच्या वडिलांची काळजी मला कळते. सिव्हिलचं शिक्षण चांगलंच आहे, पण त्याचा भर इमारत उभी कशी राहील यावर. त्या इमारतीत माणसं कशी राहतील, या प्रश्नाने ही मुलगी झपाटली आहे. आणि हेही तिला आत्ताच सांगा: सबमिशनच्या आधी रात्री जागून काढाव्या लागतात, ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, महिन्याच्या कामावर फुली बसते, आणि नोकरीची पहिली काही वर्षं पगार बेताचाच असतो. हे ऐकूनही ती तयार असेल, तर तिला अडवू नका.

बी.आर्क. झाल्यावर मास्टर्सच्या प्रवेशाला पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांचा संग्रह, बघतात. त्याची तयारी इचलकरंजीतच सुरू होऊ शकते. तुमच्या भागात यंत्रमागाची एखादी बंद पडलेली शेड असेल, तर मालकाची परवानगी घेऊन तिने ती टेपने मोजावी. प्लॅन काढावा, सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढावा, ऊन कुठून कधी येतं ते टिपावं. मग तिथे वाचनालय करायचं झालं तर भिंती किती ठेवायच्या, याचा विचार करावा. कोपनहेगनच्या फोटोवरून काढलेल्या दहा चित्रांपेक्षा हे एक काम परीक्षकांना जास्त काही सांगेल.

महागड्या लॅपटॉपची घाई नको, प्रवेश झाल्यावर कॉलेजात विचारून घ्या. ‘नाटा’मध्ये चित्रकलेचा भाग असतो, त्यासाठी रोज तासभर हाताने काढायचा सराव पुरे. बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत ‘नाटा’चा फॉर्म मात्र राहून जातो, तेवढी तारीख तुम्ही स्वतः लक्षात ठेवा.