लाल रंगाचा नकाशा

प्रश्न : सत्ता कुणा एकाच्या मुठीत नसते, असं फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको म्हणतो. मग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या वस्त्यांना जबाबदार कोण? आपल्या गावकुसालाही हे लावता येईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तत्त्वज्ञान मंदिराच्या गावाहून असा प्रश्न यायचाच! माझ्या भाषेत सांगायचं तर फुको म्हणतो, राजा शोधत बसू नका, कारकुनाचा फॉर्म बघा. भुसावळात घरकर्जाआधी बँकेचा माणूस घर बघून जातो ना, तसे १९३०च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेसाठी माणसं हिंडली. फॉर्मवर इमारतींच्या अवस्थेसोबत एक रकाना होता : कृष्णवर्णीय राहतात का, किती टक्के? त्यावरून दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगले. हिरवा उत्तम, लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक लालच. रकाना भरणाऱ्याच्या मनात द्वेष असायलाच हवा होता असंही नाही. घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला तो थेट १९६८ साली.

तरी मी फुकोवर सगळं सोडत नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये भेदभावाविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या शाळकरी कृष्णवर्णीय पोरांवर पाण्याचे फवारे नि कुत्री सोडली गेली. ती उघडीनागडी दंडेली होती, हुकूम देणारेही ठाऊक होते.

गावकुसाचं म्हणाल, तर जात म्हणजे वंश नव्हे. जातीला धर्माचा आधार आहे, रोटीबेटीचे नियम आहेत. पण तुलना परकी नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती.