'यादृच्छिक अधिशोषण' : विशेषण नेमके कशाचे?

प्रश्न असा आला आहे : "सपाट पृष्ठभागावर कण येऊन चिकटत जातात, या क्रियेच्या संगणकीय प्रतिरूपणाविषयी (सिम्युलेशनविषयी) मी मराठीत टिपण लिहीत आहे. 'कणांचे यादृच्छिक शोषण' असे लिहिले तर चालेल, की 'अधिशोषण'च म्हणावे लागेल? आणि 'यादृच्छिक' हा शब्द इथे योग्य आहे का?"

नुसते 'शोषण' चालणार नाही. वृत्तपत्रांनी तो शब्द पिळवणुकीच्या अर्थाने वापरून वापरून झिजवला आहे हे खरेच, पण मुख्य अडचण वेगळी आहे. शोषखड्डा पाणी पोटात घेतो, टिपकागद शाई पोटात घेतो. शोषणात पदार्थ आत जातो. आपल्या प्रतिरूपणातला कण आत कुठेच जात नाही, तो पृष्ठभागावर बसतो. 'अधिष्ठान', 'अधिरोहण' यांत 'वर' हा अर्थ देणारा 'अधि' हा उपसर्ग 'अधिशोषणा'त तेच काम करतो. 'पृष्ठशोषण' हा पर्यायही वापरात आहे आणि नव्या वाचकाला तो कदाचित लवकर उमगेल. दोहोंपैकी एक निवडावा आणि टिपणात शेवटपर्यंत तोच ठेवावा. कण वर बसत असताना 'शोषण' हे शेपूट हवेच कशाला, असा आक्षेप कोणी घेतलाच तर सांगावे की हा दोष मराठीचा एकटीचा नाही. हाइनरिश कायझर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८१ साली 'अ‍ॅडसॉर्प्शन' हा 'अधिशोषणा'चा मूळ शब्द प्रचारात आणला, आणि त्याच्याही पोटात 'गिळणे, सुरकणे' या अर्थाचा लॅटिन धातू बसलेला आहे.

क्रियापदाच्या बाबतीत मात्र आपली भाषा संपन्न आहे. आरशावर धूळ बसते, कंदिलाच्या काचेवर काजळी धरते, लोखंडावर गंज चढतो, नळाच्या तोटीवर क्षारांचे पुट जमते. ओळीमागून ओळ 'कण अधिशोषित होतो' असे लिहिण्यापेक्षा संज्ञा एकदा सांगून पुढे 'कण बसतो' असे लिहावे. या प्रतिरूपणाला 'बसतो' विशेष शोभते, कारण त्याचा नियमच असा आहे की एकदा बसलेला कण सरकत नाही आणि उठतही नाही.

'यादृच्छिक' (इंग्रजीत 'रँडम') या शब्दाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. पुष्कळांना या शब्दात 'इच्छा' दडलेली आहे असे वाटते. तसे असते तर संधी होऊन 'यदिच्छा' असे रूप झाले असते. 'यदृच्छा'तला दुसरा घटक 'ऋच्छ्', म्हणजे जाणे, येऊन पोहोचणे. गीतेच्या चौथ्या अध्यायातला 'यदृच्छालाभसंतुष्ट' म्हणजे न मागता, आपसूक जे पुढ्यात येईल त्यात समाधानी असणारा. म्हणून मी इथे 'वाटेल तिथे' किंवा 'स्वैर' म्हणणार नाही. 'वाटेल तिथे' म्हटले की ज्याला वाटते असा कोणीतरी गृहीत धरावा लागतो, आणि कणाला काही वाटत नसते. 'अस्ताव्यस्त' हा तर परिणामाचा शेरा झाला. शब्द म्हणून 'यादृच्छिक' निर्दोष आहे. तो वाक्यात कोणत्या नामाला लावायचा, हे मात्र जपून ठरवायला हवे.

प्रतिरूपणाची कृती अशी : संगणक पृष्ठभागावरची एक जागा यदृच्छेने निवडतो, प्रत्येक जागेला सारखीच संधी देऊन. तिथे कण ठेवला असता तो आधी बसलेल्या एखाद्या कणावर चढत असेल तर प्रयत्न रद्द होतो आणि कण टाकून दिला जातो. चढत नसेल तर तो कायमचा बसतो. मग पुढचा कण. याचे पूर्ण नाव 'यादृच्छिक क्रमिक अधिशोषण', आणि त्यातले 'क्रमिक' हे विशेषण भरतीचे नाही. यादृच्छिक असतो तो प्रयत्न. बसण्याचा निकाल आधीच्या सर्व कणांनी ठरवलेला असतो, आणि शेवटी तयार होणारी रचना तर त्या क्रमाची बांधील असते.

हे शाब्दिक कीस काढणे वाटेल, म्हणून चौकटीच्या वहीवर करून पाहावे. एका ओळीतली चार घरे घ्या, १ ते ४. प्रत्येक कण शेजारची दोन घरे व्यापतो. पहिला कण १-२, २-३ किंवा ३-४ या तीनपैकी एका जागी बसेल, प्रत्येकाची संभाव्यता एक तृतीयांश. तो १-२ वर बसला तर आज ना उद्या ३-४ भरणारच, आणि ३-४ वर बसला तर १-२ भरणार. तो २-३ वर बसला तर मात्र १ आणि ४ ही घरे कायमची एकटी पडली. म्हणजे अंतिम रचना दोनच, पण चारही घरे भरण्याची संभाव्यता दोन तृतीयांश आणि दोनच भरण्याची एक तृतीयांश. 'यादृच्छिक रचना' असे लिहिले तर जाणकार वाचक दोन्ही रचनांना सारखीच संधी आहे असे समजेल. त्या समजुतीने सरासरी तीन घरे भरतात. प्रत्यक्षात सरासरी ३.३३ भरतात.

ओळ खूप लांब केली तरी हा फरक पुसला जात नाही. क्रमाने बसवत गेल्यास ८६.४७ टक्के घरे भरतात, आणि साऱ्या अंतिम रचना समसंभाव्य धरल्यास सुमारे ८२.३ टक्के. यातला पहिला आकडा रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांच्या १९३९ च्या कामातून येतो. बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) लांब साखळीवरचे शेजारी गट जोडीजोडीने अभिक्रिया करत गेले तर किती गट जोडीदारावाचून उरतील, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर १३.५३ टक्के असे आले, म्हणजे बाकीचे ८६.४७ टक्के जोडले गेले. घरे न आखता मोकळ्या रेषेवर सारख्या लांबीच्या मोटारी यदृच्छेने उभ्या करत गेल्यास ७४.७६ टक्के रस्ता व्यापला जातो. हे १९५८ साली गणितज्ञ आल्फ्रेड रेन्यी यांनी गणिताने काढले. पृष्ठभागावर गोल चकत्या बसवायच्या तर असे सूत्र हाती नाही, तिथे संगणकच लागतो, आणि तो ५४.७ टक्के सांगतो. १९८० च्या सुमारास फेरिटिन या जवळजवळ गोल प्रथिनाच्या अधिशोषणाचा विचार याच चित्राच्या आधारे झाला.

या शेवटच्या अवस्थेला काय म्हणावे, हे आपण विचारलेले नाही, पण टिपणात तिथे अडखळायला होईल. 'खचाखच' म्हणू नये, कारण चकत्या हाताने नीट रचल्या तर ९०.६९ टक्के जागा व्यापता येते आणि इथे तर जवळजवळ निम्मा पृष्ठभाग उघडा आहे. 'कोंडी' मनात येते, पण कोंडीत चालणारे अडकतात, आणि हे कण मुळात चालतच नाहीत. 'तीळ ठेवायला जागा नाही' हा वाक्प्रचार तर उलटाच पडतो : तीळ ठेवायला हवी तेवढी जागा आहे, फक्त आणखी एक चकती बसेल अशी सलग जागा कुठेच नाही. द्रावणासाठी रुळलेला 'संपृक्त' हा शब्द मला इथे बरा वाटतो, कारण तो 'पूर्ण भरले' असे न म्हणता 'आणखी घेत नाही' एवढेच म्हणतो.

आपले वाक्य मी असे लिहीन : "यदृच्छेने निवडलेल्या जागी एकेक कण ठेवून पाहिला, तो आधीच्या कणांवर चढत नसेल तरच बसू दिला, आणि पृष्ठभाग संपृक्त होईपर्यंत हा क्रम चालू ठेवला."