टर्बो बदलण्याआधी ऑइलचा पाइप उघडून बघा

तुम्ही विचारलंय: जुनी डिझेल गाडी, 1,90,000 किलोमीटर झालेत, चढावर दम राहिला नाही, रेस केली की सायरनसारखा आवाज येतो, मधूनच निळा धूर. मिस्त्री म्हणतो टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) गेला. खरंच गेलाय का हे ओळखायचं कसं, आणि नवा टाकावा की रिकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला?

गेला असेलही. पण का गेला, हे मिस्त्रीने सांगितलंय का? नसेल तर गाडी त्याच्याकडे सोडू नका. हा प्रश्न आम्ही वेळेवर विचारला नाही म्हणून आमच्या घरचे दोन टर्बो गेले, आणि दोष माझ्या बाबांच्या माथी बसला.

बाबा गाडी कशी बंद करायचे ते सांगतो. कितीही लांबून आले तरी दारात उभी केल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाहीत. आई उतरून, पिशव्या घेऊन आत जायची, तरी हे स्टीअरिंगवर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसलेले. पुरा एक मिनिट. लहानपणी मागच्या सीटवर बसून मला त्याचा वैताग यायचा. टर्बो एका मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या शाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा, हे मला फार उशिरा कळलं. बाबांना ते माहीत होतं.

पहिला टर्बो दोन लाख किलोमीटरच्या आसपास गेला. वय झालं असं समजून वर्कशॉपमध्ये नवा बसवला. 1,100 किलोमीटरमध्ये तोही गेला. तिथल्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, "काका गरम इंजिन लगेच बंद करतात, म्हणून बेअरिंग जळालं." बाबा काही बोलले नाहीत. फक्त "असेल" म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली. त्यानंतर बरेच महिने ते स्टीअरिंगवर बसले नाहीत.

तिसऱ्या वेळी मी स्वतः हात घातला. निघालेल्या टर्बोचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी निळा-काळा पडला होता. असा रंग ऑइल न मिळाल्याने, उष्णतेने येतो. ऑइल घाण असतं तर शाफ्टवर चरे पडले असते, रंग असा चढला नसता. मग टर्बोला ऑइल आणणारा बारीक पाइप सोडवला. आमच्या गाडीत त्याच्या इंजिनकडच्या बॅन्जो बोल्टमध्ये (आतून पोकळ बोल्ट, त्यातूनच ऑइल जातं) नखाएवढी जाळी असते. तो बोल्ट उजेडासमोर धरला तर जाळीच्या जागी कोळशासारखा कडक थर, आणि त्यात टाचणी जाईल एवढं एकच भोक. पाइप आतून तसाच. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांना) लागून जातो, त्यामुळे त्यातलं ऑइल वर्षानुवर्षं भाजत राहतं. इतकी काजळी 1,100 किलोमीटरमध्ये साचत नाही. म्हणजे नवा टर्बो जुन्याच पाइपावर, जुन्याच बोल्टवर बसवला होता, आणि बिलात लिहिलं होतं "संपूर्ण काम".

खात्री करायला डिझेल बंद ठेवून, पाइपाचं टोक बाटलीत सोडून दहा-दहा सेकंद दोनदा स्टार्टर मारला. बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला. नवा पाइप आणि नवा बोल्ट लावून तेच केलं, तर सरळ धार लागली. त्या बाटलीशेजारी बाबा उभे होते.

आता तुमच्या गाडीकडे. टर्बोच्या आधी होज, म्हणजे हवेच्या रबरी नळ्या बघा. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) नळ्या हाताने दाबून, वाकवून बघा, क्लॅम्पजवळ ऑइलचा ओला डाग आहे का ते बघा. फाटलेल्या होजनेही दम जातो, काळा धूर येतो आणि शिट्टीही वाजते. टर्बोला ताब्यात ठेवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तडकली तरी टर्बो हवा भरत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ऑइल परत खाली नेणारा पाइप किंवा इंजिनचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी नळी) चोंदला असेल तरी चांगल्या टर्बोतूनसुद्धा ऑइल बाहेर ढकललं जातं. हे सगळं ठीक निघालं तर इंजिन गार असताना एअर फिल्टरकडचा पाइप काढा आणि शाफ्ट बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, कोरडा असताना तेवढा सैल लागतोच. पुढे-मागे ओढल्यावर प्ले, म्हणजे सैलपणा, हाताला जाणवला किंवा पाती बॉडीला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो गेला.

बदलताना ऑइलचा पाइप, बॅन्जो बोल्ट, तांब्याचे वॉशर आणि गॅस्केट नवीनच घ्या. ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून तेच भोक बंद करतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. इंटरकूलर काढून त्यातलं जुनं ऑइल पूर्ण निथळून घ्या. पाइप जोडण्याआधी टर्बोत स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा, मग इंजिन चालू होऊ न देता स्टार्टर मारा, आणि चालू केल्यावर काही मिनिटं अजिबात रेस करू नका. मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड तुटतात, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. माझे दोन तुटले, आणि अख्खा दिवस त्यातच गेला.

नवा की रिकंडिशन? कोअर (टर्बोचा शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) बॅलन्स करून देणारा माणूस खात्रीचा असेल तर रिकंडिशन चालतो. नसेल तर नवा. पण आमचा नवाच होता, तरी 1,100 किलोमीटरमध्ये गेला.

गरम इंजिन लगेच बंद केल्याने टर्बो खराब होतो हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण जो मिस्त्री पाइप न उघडता चालवणाऱ्यावर ठपका ठेवतो, त्याला जुना बोल्ट दाखवायला सांगा. प्रत्येक इंजिनात बोल्टला जाळी असतेच असं नाही. नसेल तर पाइपातून ऑइलची धार तरी तुमच्यासमोर पाडून दाखवू दे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. निळा धूर वाढत असेल तर गाडी चालवू नका. टर्बोचं सील (ऑइल अडवणारी कडी) पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. गिअरची गाडी असेल तर उभ्या जागी वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडात हात घालू नका.