शिखर सरकले म्हणजे कण लहानच, असे नव्हे

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचे जेल करून) टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण तयार केले आणि ती भुकटी ४५० अंश सेल्सियसला भट्टीत तापवली. रामन वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात) ॲनाटेजचे, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचे, मुख्य शिखर १४४ ऐवजी १४८ प्रति सेंटिमीटरला आले असून ते बरेच रुंद आहे. एवढ्यावरून कणांचे आकारमान सांगता येईल का, की क्ष-किरण विवर्तन (स्फटिकाकडून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते मोजणे) करावेच लागेल? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : विवर्तन करावेच, आणि तोवर प्रबंधात आकारमानाचा आकडा लिहू नये. ॲनाटेजचा कण साधारण दहा नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान झाला, की त्यातील स्फटिकजालाची कंपने कणाच्या मर्यादेत कोंडली जातात. त्यामुळे एरवी रामन वर्णपटात न दिसणाऱ्या कंपनांचाही त्यात वाटा येऊ लागतो, आणि १४४ चे शिखर वरच्या तरंगसंख्येकडे सरकून त्याच बाजूला अधिक पसरते. आपल्या वर्णपटात हेच घडले असणे शक्य आहे. मात्र हुबेहूब असाच परिणाम घडवणारी आणखी दोन कारणे आहेत आणि ती दूर केल्याशिवाय पहिल्या कारणावर बोट ठेवता येत नाही.

त्यांपैकी एक म्हणजे ऑक्सिजनची उणीव. पार्कर आणि सीगल या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले, की नॅनो-टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन कमी पडला तर शिखरे सरकतात व रुंदावतात, आणि नमुना ऑक्सिजनमध्ये तापवला की ती पुन्हा मूळ जागेकडे येतात. आपली भुकटी शुभ्र नसून किंचित करडी किंवा निळसर दिसत असेल, तर ही शंका आधी घ्यावी. सोल-जेलमध्ये उरलेला कार्बनही करडेपणा आणतो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. भुकटीचा थोडा भाग ऑक्सिजनच्या प्रवाहात, कण वाढणार नाहीत इतक्याच तापमानाला, पुन्हा तापवून नवा वर्णपट घ्यावा.

दुसरे कारण खुद्द लेझरचे आहे आणि माझ्या मते विद्यार्थी सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच करतात. बहुतेक पदार्थांची रामन शिखरे नमुना तापला की खालच्या तरंगसंख्येकडे सरकतात. ॲनाटेजचे १४४ चे शिखर मात्र याला अपवाद असून ते तापमानाबरोबर वर सरकते आणि रुंदही होते. सैल भुकटीतून उष्णता लवकर वाहून जात नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली एकवटलेला लेझर तेवढाच ठिपका चांगला तापवू शकतो. यासाठी लेझरची शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करीत त्याच ठिकाणी वर्णपट घ्यावेत. शिखराची जागा बदलणे थांबले, की त्या शक्तीखालचे मोजमाप ग्राह्य धरावे.

या सगळ्याच्या आधी उपकरणाचे अंशांकन, म्हणजे त्याची तरंगसंख्येची मोजपट्टी अचूक आहे का, हे तपासावे. प्रयोगशाळांत सिलिकॉनची ५२०.५ ची रेषा पाहून काम भागवतात. पण आपले शिखर तिथून पुष्कळ दूर आहे. गंधकाची भुकटी मिळाली तर तिच्या १५३.८ आणि २१९.१ या रेषा आपल्या शिखराच्या शेजारीच पडतात. चार एककांच्या फरकावर निष्कर्ष उभा करायचा असेल, तर ही पडताळणी टाळता येणार नाही.

रामन पद्धतीचे खरे बळ आकारमान सांगण्यात नसून टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिकरूप (ॲनाटेज, रुटाइल की ब्रूकाइट) ओळखण्यात आहे. ॲनाटेज १४४, १९७, ३९९, ५१३ ते ५१९ आणि ६३९ येथे दिसते, तर रुटाइलची ठळक चिन्हे ४४७, ६१२ आणि २३५ जवळचा रुंद फुगवटा ही होत. आम्लयुक्त द्रावणातून केलेल्या सोल-जेल नमुन्यात ब्रूकाइट पुष्कळदा मिसळलेले असते, आणि विवर्तनात त्याची मुख्य शिखरे ॲनाटेजच्या २५.३ अंशांच्या शिखराखाली झाकली जातात. रामन वर्णपटात मात्र २४७, ३२२ आणि ३६६ पाशी बारीक शिखरे उमटतात. आपल्या आलेखाचा हा भाग उभ्या अक्षाची मोजपट्टी वाढवून जरूर पाहावा, कारण १४४ च्या शिखरापुढे तो सपाट भासतो. उलट, ॲनाटेजमधले थोडे रुटाइल रामनमध्ये सहज निसटते; त्याची ६१२ ची रेषा ६३९ च्या पायथ्याशी दडते. तेथे विवर्तनातील २७.४ अंशांचे शिखर उपयोगी पडते.

प्रश्न : सिलिकॉन तबकडीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिला आहे. ५२० ला अतिशय उंच व टोकदार शिखर आले. हे ॲनाटेजचेच ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ते जवळजवळ निश्चितपणे सिलिकॉनचे आहे. ॲनाटेजचे ५१३ ते ५१९ चे जोडशिखर नेमके त्याच्याखाली गडप होते, म्हणून ओळख १४४, ३९९ आणि ६३९ वरून पटवावी. पुढचा थर वितळवलेल्या क्वार्ट्झच्या पट्टीवर द्यावा. अतिपातळ थरात १४४ चे शिखरही दिसत नसेल, तर यंत्रातील लेझर-रोधक गाळणी किती तरंगसंख्येखाली प्रकाश कापते, हे चालकाला विचारावे. काही यंत्रांत ती सीमा दीडशेच्याही वर असते.