कठड्याच्या वर जाणारा मोठा बोर्ड कॉर्पोरेशन मंजूर करेल का? (बडोदा)

तुमचा प्रश्न असा आहे: अलकापुरीत दुमजली कमर्शियल इमारतीत वरचा गाळा घेतलाय. गच्चीच्या कठड्यावर २० बाय ८ फुटांचा, आतून दिवे असलेला बोर्ड हवाय आणि त्यातला पाच फूट भाग कठड्याच्या वर जाणार. बोर्डवाला म्हणतो, आधी लावू, नोटीस आली की बघू.

या मापाला मंजुरी मिळणं कठीण आहे. आणि 'आधी लावू' हे तर मुळीच करू नका. मी दांडिया बाजारात बोर्ड बनवतो. वडील ब्रशने रंगवायचे, मी एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या थराची पॅनेल) आणि एलईडीची अक्षरं बसवतो. धंद्यातलाच माणूस सांगतोय असं समजा.

आपल्याकडे चालतो तो १९४९ चा कायदा, आताचं नाव गुजरात प्रॉव्हिन्शियल म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्ट. त्यातलं कलम २४५ वाचून बरेच दुकानदार निर्धास्त होतात, कारण ज्या जागेत धंदा त्याच जागेवर त्याच धंद्याची पाटी असेल तर परवानगी लागत नाही असं त्यात आहे. पण ही सवलत दिवे नसलेल्या पाटीला आहे, आणि ती 'स्काय-साइन' असता कामा नये. स्काय-साइन म्हणजे रस्त्यावर उभं राहून पाहिलं की जिच्या मागे आभाळ दिसतं ती पाटी. कठड्याला पक्की बसवलेली सलग पाटी तीन फुटांपर्यंत वर गेली तर ती त्यात धरत नाहीत. तुमची पाच फूट जाते, शिवाय दिवे आहेत. म्हणजे कमिशनरची लेखी परवानगी हवीच, आणि स्काय-साइनची परवानगी एका वेळी दोन वर्षांहून जास्त मिळत नाही.

तरी मला कायद्यापेक्षा वाऱ्याची धास्ती जास्त वाटते. वाऱ्याच्या भारतीय मानकात बडोद्यासाठी धरलेला वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, ताशी साधारण १५८ किलोमीटर. त्या हिशेबाने तुमच्या १६० चौरस फुटांवर सरळ आलेला जोर पावणेदोन टनांच्या आसपास जातो. तो सगळा भार झेलणार कोण? चार इंची विटांचा कठडा. रावपुऱ्यातल्या एका दुकानाचा बोर्ड जूनच्या पहिल्या वादळात एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिला होता, तो उतरवायला मी गेलो होतो. फास्टनर, म्हणजे बोर्ड भिंतीला धरून ठेवणारे बोल्ट, नुसत्या प्लास्टरमध्ये होते. एक मी दोन बोटांनी ओढून काढला, मागोमाग मूठभर वाळू हातात आली. खाली पाणीपुरीची गाडी उभी असायची, त्या दिवशी नव्हती एवढंच. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, मर्यादा होती ४० बाय ४० ची. १७ माणसं गेली. तुमचा बोर्ड त्यापुढे लहान, पण त्याच्याखालीही फुटपाथच आहे.

आता बोर्डाच्या मापाचं. गिऱ्हाईक बोर्ड वाचत नाही, अक्षर वाचतं. आमच्यात ठोकताळा असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. समोरचा फुटपाथ तुमच्या भिंतीपासून ८० फूट धरला तर आठ इंच पुरतात. गुजराती किंवा देवनागरी असेल तर वेलांट्या-मात्रांसाठी वर-खाली जागा सोडावी लागते, म्हणून मी अक्षराचं अंग बारा इंच धरीन. ते अडीच फुटांच्या पट्टीत ऐसपैस बसतं. बाकीची जागा बहुतेक वेळा मालकाचा फोटो, चार फोन नंबर आणि ब्रँडच्या चकत्यांनी भरलेली असते. त्या गर्दीत नाव हरवतं, म्हणून मग अजून मोठा बोर्ड हवासा वाटतो.

माझं ऐका: २० बाय अडीच फुटांची पट्टी कठड्याच्या खाली, स्लॅबच्या बीमवर बसवा. आभाळ मागे येणार नाही आणि फास्टनर काँक्रीटमध्ये जातील. खिडक्या मात्र झाकू नका, आग लागली तर धूर आणि माणसं तिथूनच बाहेर पडणार. दिवे असल्यामुळे परवानगी तरीही घ्यायचीच. मी फाइलला इमारतीच्या दर्शनी बाजूचं मापांसकट रेखाचित्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, गाळ्याचे कागद, वेरा म्हणजे कर भरल्याची पावती आणि इमारतीच्या असोसिएशनचं संमतीपत्र लावतो. शेवटचं लोक विसरतात. गाळा तुमचा असला तरी बाहेरची भिंत सगळ्यांची असते, आणि तक्रार बहुतेक वेळा शेजारच्या गाळ्यातूनच जाते.

मंजुरी हातात येईपर्यंत बोर्डवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका, कापलेली अक्षरं परत कोणी घेत नाही. बीमची उंची आणि रस्त्याची रुंदी टेपने मोजून इथे लिहा, अक्षराचं नेमकं माप मी काढून देतो.