‘निर्वात पोकळी’ म्हणजे पिवळा पीतांबर का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातली मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी. त्यामुळे विज्ञान समजावताना बाई पुन्हा मराठीवर येतात. ‘विद्युतचुंबकीय लहरी निर्वात पोकळीतून प्रवास करतात’ असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि लिहिता लिहिता स्वतःच अडखळल्या. निर्वात म्हणजे रिकामं, पोकळी म्हणजेही रिकामं, मग हा पिवळा पीतांबरच झाला की! त्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलाने निर्वातचा अर्थ ठोकून दिला, ‘वात नसलेला’. त्याला काय सांगू, असं त्या विचारतात.

आधी त्या मुलाला शाबासकी द्या. विग्रह त्याने बरोबर केला, फक्त वात दुसरी धरली. समईतली ती वात संस्कृत ‘वर्ति’वरून आलेली. निर्वातमधला तो वात म्हणजे वारा, संधिवातात आणि वातावरणात असतो तो. मराठीत येईपर्यंत दोघांचं रूप एक झालं, लिंग तेवढं वेगळं राहिलं.

समईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘यथा दीपो निवातस्थो नेङ्गते’ असं आहे. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा हलत नाही. तिथल्या ‘निवात’ला वाऱ्याचा आडोसा एवढंच अभिप्रेत आहे. देवघराच्या कोनाड्यात हवा असते, ती वाहत नसते. विज्ञानाच्या मराठीने ‘निर्वात’ला त्याच्या पुढे नेलं: वारा नाही एवढंच नव्हे, हवाच नाही. गीतेतला दिवा ह्या निर्वातात नेऊन ठेवला तर न हलणं दूरच, तो विझेल. ज्योतीला प्राणवायू लागतो. ज्योतीच्या उजेडाला मात्र पुढे जायला काहीच लागत नाही. उजेड हीही विद्युतचुंबकीय लहरच, आणि बाईंचं फळ्यावरचं वाक्य नेमकं तेच सांगतंय.

आता पिवळा पीतांबर. माझ्या मते तो नाही. पोकळीला भिंती लागतात. बांबू पोकळ असतो, दाताला पोकळी पडते, छातीची पोकळी, नारळाच्या गोट्यातली पोकळी. आत काय आहे ह्याबद्दल हा शब्द काही बोलत नाही. बहुतेक वेळा आत हवाच असते. कुणाच्या निधनाने ‘पोकळी निर्माण होते’ तेव्हासुद्धा आजूबाजूला माणसं असतात म्हणून ती जाणवते. ‘निर्वात’ सांगतो तो आतून काय काढलंय ते. एक शब्द जागेचा आकार सांगतो, दुसरा तिची अवस्था.

गेल्या पावसाळ्यात आमच्या थर्मासची काच फुटली. नवी आणायला म्हापशाच्या बाजारात गेलो, तेव्हा पहिल्यांदा ती हातात घेऊन नीट पाहिली. बाटलीत बाटली बसवल्यासारख्या काचेच्या दोन भिंती, मधली हवा काढून घेतलेली आणि तळाशी काच वितळवून बुजवलेलं एक नाजूक टोक. ही खरी निर्वात पोकळी. त्या टोकालाच धक्का लागला की फट्ट करून हवा आत घुसते आणि पुढे चहा तासाभरात कोमट. पण मधे हवा नाही म्हणजे उष्णता जायला वाटच नाही ना, मग काचेला चांदीसारखा मुलामा कशाला? कारण उष्णतेची एक वाट उघडीच राहते. गरम वस्तूतून अवरक्त (इन्फ्रारेड) लहरी निघतात, त्याही विद्युतचुंबकीयच, आणि त्या निर्वातातून खुशाल पलीकडे जातात. त्यांना आरशाने परत धाडावं लागतं. वर्गात थर्मासची जुनी काच दाखवली तर अर्धा धडा तिथेच होईल.

‘निर्वात पोकळी’ चुकते ती दुसरीकडे. सूर्य आणि पृथ्वी ह्यांच्यामधल्या पंधरा कोटी किलोमीटरना कुणी निर्वात पोकळी म्हणतं, तेव्हा मला भिंती दिसेनाशा होतात. तिथे ‘अवकाश’ म्हणावं. तोही अगदी रिकामा नसतो, घन सेंटीमीटरमागे मोजके कण सापडतातच, पण आपल्या हवेच्या मानाने ते नसल्यात जमा. अवकाश म्हणजे मोकळी जागा, तशीच सवडही, म्हणून तर ‘सावकाश’. प्रकाश मात्र ह्या अवकाशातून सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर सुटतो, आणि तरी सूर्यापासून इथवर यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात.

खरी अडचण मला ‘लहर’मध्ये दिसते, कारण ह्या शब्दाला पाणी लागलेलं आहे. कोकणीतली ‘ल्हार’ तर थेट समुद्रातली. आजोबांच्या पिढीला रेडिओवरची शॉर्टवेव्ह म्हणजे ‘ओंदा कुर्ता’, आणि पोर्तुगीजात मिरामारच्या किनाऱ्यावर येते तीही ओंदाच. मराठीने मात्र इथे वाटणी केली. अंगावर येते ती लाट, हळूच सरकत जाते ती लहर. ‘रेडिओच्या लाटा’ कुणी म्हणत नाही. ‘उष्णतेची लाट’ हवामानखात्याची, ‘उष्णतेच्या लहरी’ थर्मासमधल्या, आणि दोन्हींत गल्लत करून चालत नाही. पुस्तकं ‘तरंग’ पसंत करतात, तरंगलांबी हा शब्द तर रुळलाच आहे. ‘लहरी’ म्हटलं की मुलांना आधी लहरी माणूस आठवतो, ह्या कारणासाठी तरंग मलाही बरा वाटतो. पण पाणी त्यातूनही सुटत नाही. मग मुलं विचारणारच की पाणी नाही, हवा नाही, तर तिथे हलतंय काय?

उत्तर ‘क्षेत्र’ ह्या शब्दात आहे, आणि क्षेत्राचंच मराठी रूप शेत. दिवाडीला भात पोटरीला आलं की वाऱ्याची झुळूक शेताच्या ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. रोप जागचं हलत नाही, नुसतं वाकून उभं राहतं, जातं ते वाकणं. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र ही अशी शेतं आहेत ज्यांत रोपंच नाहीत, प्रत्येक ठिकाणी फक्त कमीअधिक जोर आणि त्याची दिशा. अँटेनातले इलेक्ट्रॉन मागेपुढे झुलू लागले की जवळचं विद्युतक्षेत्र बदलतं. बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र उभं करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युतक्षेत्र, आणि एकमेकांना काटकोनात राहून ही जोडी पुढे सरकत जाते. मॅक्सवेल ह्या भौतिकशास्त्रज्ञाने १८६५ च्या निबंधात ह्या जोडीचा वेग गणिताने काढला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या.

गंमत म्हणजे पाण्याशिवाय लहर ही कल्पना खुद्द मॅक्सवेललाही झेपली नव्हती. सगळीकडे ‘ईथर’ नावाचं काहीतरी भरलेलं असणार असं तो धरून चालला होता. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ली ह्यांनी ईथरचा माग काढायचा प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याची गरजच नाही असं सांगून टाकलं. शब्दामागे चालत गेल्यामुळे मोठमोठी माणसं चकतात, तिथे डिचोलीच्या मुलांची काय कथा.

‘माध्यम’ हा शब्दही इथे जपून वापरा. गोव्यात माध्यम म्हटलं की शाळेचं माध्यम आणि त्यावरची भांडणं आधी आठवतात. विज्ञानात ध्वनीला माध्यम हे वाहन आहे. काचेच्या हंडीत घंटा वाजत ठेवून हवा काढत गेलं की आवाज बारीक होत होत नाहीसा होतो. बॉइलने १६६० च्या सुमारास हे करून दाखवलं. पण घंटा दिसायची थांबत नाही. एकाच हंडीत आवाज अडला, प्रकाश बाहेर आला. प्रकाशाला उलट माध्यमाची अडचणच होते, पाण्यात त्याचा वेग पाऊणपट होतो.

न्यायशास्त्रात ‘शब्दगुणकम् आकाशम्’ म्हटलंय, म्हणजे शब्द, अर्थात ध्वनी, हा आकाशाचा गुण. त्या हिशेबाने ‘आकाशवाणी’ हे नाव चपखल आहे, पण भौतिकीच्या हिशेबाने रिकाम्या आकाशातून वाणी जातच नाही. पोर्तुगीज अमदानीतलं ‘एमिसोरा द गोवा’ १९६१ नंतर आकाशवाणीचं पणजी केंद्र झालं. त्याच्या स्टुडिओत निवेदिका बोलते तो आवाज, आणि काणकोणच्या ओसरीवर ऐकू येतो तोही आवाज. मधल्या वाटेवर मात्र आवाजाचा लवलेश नाही, नुसती क्षेत्रांची चढउतार. रेडिओ लहरींना ध्वनिलहरी समजणारी मोठी माणसंही मला भेटली आहेत.

उरलं जोडकाम. विद्युत् + चुंबकीय ह्याचा काटेकोर संधी ‘विद्युच्चुंबकीय’, विद्युल्लतेच्या चालीवर. पण तो उच्चारताना वर्ग हसेल, ‘विद्युतचुंबकीय’ला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘प्रवास करतात’ला. मराठीत ऊन पडतं, उजेड येतो, आवाज पोचतो, प्रवास कदंबच्या बसने करतात. मी फळ्यावर असं लिहिलं असतं: ‘विद्युतचुंबकीय तरंगांना माध्यम लागत नाही, ते निर्वातातूनही जातात.’ पोकळी थर्मासच्या दिवसासाठी राखून ठेवा.